तो जबाब कोणी दाबून ठेवला? गृहविभागाला खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. संचालक, अभियोग संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : निर्दोष माणसांना झालेल्या शिक्षा, दडवलेले जबाब आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ५ मार्च २०१९ च्या आदेशावरील कार्यवाही जाहीर करण्याबाबत.

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, आणि तीही बचावाची. माझे बहुतेक पक्षकार विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात. म्हणजे ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, गावात शब्द टाकणारं कोणी नाही आणि पोलीस ठाण्यात ओळखीचं आहे ते फक्त नाव, तेही जुन्या गुन्ह्यांच्या रजिस्टरातलं. हे पत्र मी थेट आपल्या टपालात न टाकता जाहीर लिहिते आहे, कारण ज्या आदेशाबद्दल विचारायचं आहे तोही भर न्यायालयात, जाहीरच दिला गेला होता.

आधी त्या आदेशाची आठवण करून देते. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बाईवर आणि तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाले. मुलगी मेली, आई वाचली. पुढे भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे सिद्ध व्हायला त्यानंतर आणखी काही वर्षं जावी लागली.

मग पुनर्विलोकन अर्ज झाला, २००९ चा निकाल मागे घेतला गेला, अपिलं नव्याने ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर व न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाचा तो निकाल आपल्या विधी शाखेत असणारच. त्यातलं एक पान मला पाठ झालंय. वाचलेल्या त्या बाईने, म्हणजे खटल्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या साक्षीदाराने, घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहा जणांपैकी नव्हती. दंडाधिकाऱ्यांसमोर तसा जबाबही झाला होता. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि सरकार पक्षाने तो जबाब खटल्यात कधी पुढेच आणला नाही.

सहा माणसं फाशीच्या सावलीत, काही काळ तर एकांत कोठडीत, जगत होती. त्या सगळ्या काळात तो कागद कुठल्या तरी सरकारी कपाटात होता. सत्र न्यायालयात सरकारी वकील होते, उच्च न्यायालयात होते, सर्वोच्च न्यायालयातही होते. तीन न्यायालयांत त्या कागदाशिवाय फाशी मागितली गेली.

न्यायालयाने राज्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या. (जवळपास सोळा वर्षांच्या कोठडीवर वाटले तर दिवसाला नव्वद रुपयेसुद्धा पडत नाहीत.) दोन, गृहविभागाच्या सचिवांनी यात लक्ष घालून कसूर करणारे अधिकारी कोण ते शोधावं आणि ते अजून सेवेत असतील तर तीन महिन्यांच्या आत त्यांच्यावर खात्यांतर्गत कारवाई करावी. तीन महिने म्हणजे जून २०१९.

या पत्राचा पहिला आणि मुख्य प्रश्न हाच आहे : तो शोध कोणी घेतला, त्यात काय सापडलं आणि कारवाई कोणावर झाली? झाली असेल तर ती गुप्त ठेवण्यासारखं त्यात काही नाही, जाहीर करा. सगळे निवृत्त झाले म्हणून फाइल बंद झाली असेल तर तसंही लिहा. ज्यांना फाशी सुनावली त्यांची नावं देशभर छापून आली होती. ज्यांनी जबाब दाबला त्यांचं निदान पद तरी लोकांना कळू द्या.

आता मला यात एवढं का लागलंय ते सांगते. पक्षकाराचं नाव आणि जिल्हा लिहीत नाही. त्याच्या मागे आता पुन्हा कोणी लागू नये, एवढंच.

तो एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन होता. शेजारच्या आवारात खून झाला आणि तीन दिवसांनी याला उचललं. खटला मी लढवला. शिक्षा झाली, जन्मठेप. अपिलात उच्च न्यायालयाने तपासाची मूळ कागदपत्रं मागवली आणि त्यात एका रिक्षावाल्याचा जबाब निघाला. त्या रात्री गेटमधून पळणारा माणूस त्याने पाहिला होता आणि त्याने सांगितलेलं वर्णन माझ्या पक्षकाराच्या जवळपासही जात नव्हतं. चार्जशीटमध्ये हा जबाब नव्हता, साक्षीदारांच्या यादीत रिक्षावाल्याचं नाव नव्हतं. मी माझ्याकडची चार्जशीटची प्रत पुन्हा काढून पाहिली. लाल पेनाने घातलेले पान क्रमांक एका ठिकाणापासून पुढे सगळे गिरवलेले होते. ६१ चं ५९, ६२ चं ६०. कागद खिडकीशी धरला की गिरवलेल्या आकड्याखाली जुना आकडा दिसतो. जबाब दोन पानांचा होता.

तो सुटला. सुटताना त्याला कारागृहातल्या कामाच्या मजुरीचे साठलेले पैसे मिळाले. बाकी काही नाही. पुन्हा वॉचमनचं काम मागायला गेला तर एजन्सीने पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगितलं. पडताळणीत गुन्हा दाखल असल्याची नोंद आली. निकालाची प्रमाणित प्रत मी त्याला लॅमिनेट करून दिली होती. ती घेऊन तो तीन-चार ठिकाणी फिरला. पण उच्च न्यायालयाचा इंग्रजी निकाल वाचत बसायला सिक्युरिटी एजन्सीच्या मॅनेजरला वेळ कुठला? सध्या तो मोंढ्यात हमाली करतो. ज्यांनी पान क्रमांक गिरवले त्यांना मात्र एक साधी नोटीससुद्धा निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

महोदय, हे एखाद्या ठाण्यातल्या एखाद्या रायटरचं काम म्हणून सोडून देता येत नाही. मला जे दिसतं ते असं.

कायद्याने आरोपीला मिळतात ते कागद बहुतेक करून पोलीस ज्यांच्या आधारावर उभे आहेत तेच. जे कागद त्यांच्या गोष्टीत बसत नाहीत ते चार्जशीटला जोडलेच जात नाहीत आणि आरोपीच्या वकिलाला ते आहेत हेच माहीत नसतं. माहीत नसलेला कागद मागायचा कसा? याच अडचणीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये, फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबाबत स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात, मसुदा नियमांना मान्यता देऊन ते लागू करायला सांगितलं. तपास अधिकारी ज्यांवर विसंबून नाही असे जबाब, कागद, वस्तू यांचीसुद्धा यादी आरोपीला द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. पुढच्याच वर्षी एका फाशीच्या प्रकरणात न्यायालयाने ते पुन्हा बजावलं. आमच्याकडे मी ही यादी अर्ज करून मागते. त्यावर 'सरकार पक्षाचे म्हणणे' यायला तारखांमागून तारखा जातात, आणि म्हणणं आलं की त्यात एक ओळ असते : सर्व कागदपत्रे दोषारोपपत्रासोबत दिलेली आहेत.

दुसरा मार्ग याहून साळसूद. साक्षीदार यादीत असतो, पण त्याची साक्ष गैरसोयीची होणार हे कळलं की सरकारी वकील पुरशिस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) देतात : सदर साक्षीदार तपासावयाचा नाही. दोन ओळींचा कागद, खाली सही. कोणता साक्षीदार तपासायचा हा सरकार पक्षाचा अधिकार आहे, हे मला मान्य आहे. पण तो साक्षीदार आरोपीच्या बाजूचं काही जाणतो हे माहीत असताना गप्प राहणं त्या अधिकारात येत नाही. सरकारी वकिलाने कसंही करून शिक्षा मिळवायचीच अशी तहान ठेवू नये, त्याची निष्ठा न्यायालयाशी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच 'शिवकुमार विरुद्ध हुकमचंद' मध्ये सांगितलं आहे. आमच्या कॉरिडॉरमध्ये याचं उत्तर वेगळं मिळतं : "मॅडम, विटनेस आमचा. बोलवायचा की नाही ते आम्ही बघू."

सगळे असे नाहीत, हेही लिहायला हवं. एका तरुण सहायक सरकारी अभियोक्त्याने जामिनाच्या सुनावणीत स्वतः उठून केस डायरीतली एक नोंद न्यायाधीशांच्या नजरेला आणली होती. ती नोंद त्यांच्याच विरुद्ध जाणारी होती. आरोपीला जामीन मिळाला. नंतर बार रूममध्ये चहा पिताना ते म्हणाले, "पोलीस नाराज होतील. पण कागद आहे तर आहे." असं वागणाऱ्या माणसाच्या वार्षिक गोपनीय अहवालात काय लिहिलं जातं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कारण तिथेच गोम आहे. महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ते एकेकाळी पोलीस खात्याच्याच हाताखाली होते. त्यांना तिथून काढून स्वतंत्र संवर्ग करा असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, आणि तेही आपल्याच राज्याच्या प्रकरणात, 'शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य', १९९५. संवर्ग वेगळा झाला. पण अभियोग संचालनालय आजही गृहविभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणात आहे. पोलीसही गृहविभागाचे, पोलिसांच्या तपासातली भगदाडं पाहून बोट दाखवणारे अभियोक्तेही गृहविभागाचे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तसंच ठेवलंय. मंत्रालयात अभियोक्त्याचं काम शिक्षा झालेल्यांच्या प्रमाणाने मोजलं जाणार, आणि प्रत्येक सरकार ते प्रमाण वाढवल्याचं अभिमानाने सांगणार, तर खालच्या माणसाने आपणहून गैरसोयीचा जबाब का पुढे करावा?

इथे कोणी म्हणेल, चुका होतात, वरचं न्यायालय दुरुस्त करतंच की. दुरुस्ती होते ती कोणाची? ज्याच्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षं न थकता अपील, पुनर्विलोकन, दयेचा अर्ज करत राहतं त्याची. आणि नाशिकच्या त्या बाईचं काय दुरुस्त झालं? तिने ज्या चौघांना ओळखलं त्यांच्याकडे तपास वळवायचा आदेश झाला तो घटनेनंतर सोळाव्या वर्षी. निर्दोष माणूस आत जातो तेव्हा दोषी माणूस बाहेर राहतो. या पत्राला आरोपींची बाजू म्हणणाऱ्यांनी एवढं एकदा पाहावं.

शासनाला घाई जमत नाही असंही नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली होती, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक २०२१ मध्येच नागपूरच्या कारागृहात कोविडने गेला होता. निकालानंतर राज्य शासन लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ जुलैला त्या निकालाचा दाखला म्हणून वापर करण्यावर स्थगितीही मिळाली. सुटलेल्यांना परत आत पाठवलं गेलं नाही. अपील करणं हा शासनाचा हक्क आहे आणि त्या अपिलाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. माझं म्हणणं इतकंच की तीन दिवसांत दिल्ली गाठणाऱ्या यंत्रणेला एका चौकशीचा अहवाल जाहीर करणंही जमायला हवं.

अशी चौकशी ही काही माझी नवी कल्पना नाही. ७ जानेवारी २०१४ रोजी 'गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांच्या गृहविभागांना सांगितलं की प्रत्येक निर्दोष सुटकेचा निकाल पोलीस व अभियोग विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीने तपासावा, चूक कुठे झाली ते नोंदवावं आणि हलगर्जी किंवा जाणूनबुजून केलेल्या कसुरीसाठी तपास अधिकारी व अभियोक्ते यांच्यावर खात्यांतर्गत कारवाई करायची पद्धत सहा महिन्यांत ठरवावी. निर्दोष माणसाला खटल्यात गोवलं जाऊ नये हेही त्या निकालाच्या मुळाशी होतं. आमच्याकडे मात्र निर्दोष सुटकेच्या निकालावर जी टिपणं फिरताना दिसतात त्यांचा सूर एकच : आरोपी का सुटला आणि अपील करायचं का. हा माणूस आत का होता, हा रकानाच त्या नमुन्यात नसतो.

भरपाईचं तर विचारूच नका. दिल्ली उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क द्या, त्यासाठी विशेष न्यायालयं नेमा, असं त्यात आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे मुळापासून बदलले, पण यातलं काही आत आलं नाही. जुन्या संहितेत कलम ३५८ होतं : कोणी विनाकारण अटक करायला लावली तर त्याच्याकडून अटक झालेल्याला फार तर एक हजार रुपये. नव्या संहितेत ते कलम ३९९ झालं. रक्कम एक हजारच राहिली. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतला फाशीचा एक कैदी निर्दोष सुटला तेव्हा, अशा कैदेच्या भरपाईसाठी कायदा हवा याकडे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा संसदेचं लक्ष वेधलं. संसद जेव्हा करायचं तेव्हा करील. राज्याला स्वतःची योजना काढायला कोणी अडवलेलं नाही.

जबाबदारी ठरवता येते का, याचं एक उदाहरण परदेशातलं आहे. टेक्सासमध्ये मायकेल मॉर्टन बायकोच्या खुनासाठी जवळपास २५ वर्षं तुरुंगात होता. घटना पाहिलेल्या त्याच्या लहान मुलाने 'बाबा तिथे नव्हते' असं सांगितल्याची नोंद सरकारी वकिलाने बचावापासून लपवली होती. २०११ मध्ये डीएनए चाचणीने तो सुटला. तोवर न्यायाधीश झालेल्या त्या सरकारी वकिलाला २०१३ मध्ये दहा दिवसांचा तुरुंगवास झाला आणि सनद गेली. पंचवीस वर्षांपुढे दहा दिवस म्हणजे थट्टाच. पण त्याच वर्षी तिथे कायदा बदलून सरकारी फाइल बचावासाठी खुली करावी लागली. आपल्याकडे फाशीच्या शिक्षेसाठी खोटा पुरावा रचणं हा स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे, नव्या न्याय संहितेत कलम २३०. लोकसेवकावर खटला चालवायला मंजुरी मागितली तर शासनाने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाहीतर मंजुरी मिळाली असं धरायचं, हेही नव्या कायद्यात आलं आहे. हत्यारं आहेत. ती उचलण्याची पाळी आली की सगळ्यांचे हात दुखतात.

तेव्हा माझ्या मागण्या :

१. ५ मार्च २०१९ च्या आदेशानुसार केलेली चौकशी, तिचे निष्कर्ष आणि कारवाई जाहीर करावी. त्या चौघांविरुद्धच्या पुढील तपासाची आजची स्थितीही त्यात असावी.

२. चार्जशीट दाखल करताना, विसंबून नसलेल्या सर्व जबाबांची व कागदांची यादी तपास अधिकाऱ्याने सहीनिशी जोडावी. यादी नसेल तर अभियोक्त्याने छाननीतच चार्जशीट परत करावी. यासाठी एक परिपत्रक पुरेल.

३. साक्षीदार वगळण्याच्या पुरशिसमध्ये कारण लिहिणं आणि त्या साक्षीदाराच्या सर्व जबाबांच्या प्रती बचावाला दिल्याची नोंद करणं सक्तीचं करावं.

४. स्थायी समितीच्या नमुन्यात 'निर्दोष व्यक्ती गोवली गेली काय' हा रकाना घालावा. समितीत गृहविभागाबाहेरचा एक निवृत्त न्यायाधीश असावा आणि जिल्हावार वार्षिक अहवाल प्रसिद्ध व्हावा.

५. वरच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसाच्या चारित्र्य पडताळणीत निकालाचा उल्लेख मराठीत, पहिल्या ओळीत यावा. ज्यांनी शिक्षा भोगली त्यांच्यासाठी राज्याने पुनर्वसनाची योजना काढावी. त्यासाठी प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडकायला लावू नये.

६. अभियोक्त्यांचे गोपनीय अहवाल दोषसिद्धीच्या टक्केवारीवर लिहू नयेत.

दुसरी, तिसरी आणि पाचवीतली पडताळणीची मागणी यांना पैसा लागत नाही. पहिलीला तर फक्त एक फाइल कपाटातून काढावी लागते.

याचं उत्तर मला वैयक्तिक पाठवू नये. शासन निर्णय ज्या संकेतस्थळावर लागतात तिथेच लावावं, मराठीत. माझा तो पक्षकार मराठी वाचतो.

आपली,
जिल्हा न्यायालयातील एक बचाव वकील